अण्णा कर्वे : पायी चालणारे प्रोफेसर

पुण्यात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी रिक्षावाल्याला ‘कर्वे पुतळा’ असं सांगितलेलं असतं. कर्वे रोड आहे, कर्वेनगर आहे, कोथरूडला पुतळा आहे. पण पुतळ्यातले ते म्हातारे गृहस्थ नक्की कोण, असं आमच्या विंगमध्ये विचारलं तेव्हा उत्तरं आली ती अशी : समाजसुधारक, शंभर वर्षं जगले, बायकांसाठी काहीतरी केलं. एकीने तर रस्ता बांधणारे इंजिनिअर असतील असंही सांगून टाकलं! मलाही याच्यापेक्षा फार जास्त माहीत नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात धोंडो केशव कर्वे यांना दीड ओळ होती आणि ती परीक्षेला कधी आली नाही.

गेल्या दिवाळीत घरी, राजूरला, पप्पांच्या कपाटात त्यांच्यावरचं एक जुनं पुस्तक सापडलं. मराठी वाचायचा माझा स्पीड तसा कमीच, जोडाक्षरं आली की गाडी पहिल्या गिअरला. तरी वाचलं. मग पुण्यात आल्यावर आणखी वाचलं. सेमिस्टरच्या पुस्तकांपेक्षा जास्त वाचलं म्हटलं तरी चालेल (एच.ओ.डी. सरांनी हे वाक्य वाचू नये). त्यातून जे कळलं ते इथे लिहीत आहे. भाषेच्या चुका संपादकांनी सुधारून घ्याव्यात.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. म्हणजे सत्तावनचं बंड नुकतंच शमत होतं. गाव कोकणातलं, दापोलीजवळचं मुरूड. जन्म मात्र आजोळी, शेरवलीला झाला. घराणं एके काळचं बऱ्यापैकी, पण अण्णांच्या वेळेपर्यंत परिस्थिती बेताची झालेली. गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. सतराव्या वर्षी त्यांना मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. आज सहावी म्हटलं की हसू येईल, पण तेव्हा ही परीक्षा पास झाली की मास्तरकी किंवा कारकुनी मिळायची. केंद्र होतं साताऱ्याला. बोट चुकली, हवा वाईट, म्हणून हे आणि सोबतची काही मुलं मुरूडहून साताऱ्याला चालत निघाली. भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल!

हे अंतर मी मुद्दाम हिशोब करून पाहिलं. आमच्या राजूरहून अकोले, संगमनेर, नारायणगाव करत एसटी पुण्याला येते, जवळपास तेवढंच होतं. त्या प्रवासात मी दोन वेळा झोपून उठते आणि तरी कंबर धरते. आणि पाऊस म्हणजे काय, हे भंडारदऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. घाटघर, रतनवाडीकडचा जुलै ज्याने पाहिला आहे त्याला त्या मुलांची कल्पना येईल. तर हे तिथे पोहोचले, परीक्षकांसमोर उभे राहिले आणि परीक्षकांनी यांच्याकडे बघून सांगितलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. दाखला होता, विनवणीही केली. काही उपयोग झाला नाही. अंगाने किरकोळ, उंची कमी, म्हणून परत पाठवलं.

आपल्याकडे हॉल तिकिटावर फोटो पुसट आला तर किती गोंधळ होतो! इथे तर माणूस समोर उभा असताना त्याचं वय मान्य होईना. अण्णांनी पुढे कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली आणि पास झाले. त्यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा दिसतं. एक दार बंद झालं की हा माणूस आरडाओरडा करत नाही, दुसऱ्या दाराकडे चालायला लागतो. अक्षरशः चालायला.

मॅट्रिक झाले ते तेविसाव्या वर्षी, 1881 मध्ये, मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून. मग विल्सन कॉलेज, एल्फिन्स्टन कॉलेज, आणि 1884 मध्ये गणित घेऊन बी.ए. वय सव्वीस. आमच्यात एक वर्ष ड्रॉप लागला की मुलं दाढी वाढवून गच्चीवर बसतात, त्यांच्यासाठी हे आकडे मुद्दाम दिले. तोपर्यंत लग्न होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. चौदा-पंधराव्या वर्षी त्यांचं लग्न आठ-नऊ वर्षांच्या राधाबाईंशी लावून दिलेलं होतं आणि 1882 च्या जानेवारीत मुलगा रघुनाथही झाला होता. मुंबईत अण्णा वेगवेगळ्या शाळांत गणित शिकवायचे, त्यावर शिकवण्या. पहाटे उठायचं, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं, रात्री दिव्यापाशी वह्या तपासायच्या. या कमाईतला ठराविक वाटा ते बाजूला काढून ठेवत, मुरूडच्या कामांसाठी. स्वतःचं भागत नसताना गावाचा फंड! राधाबाई 1891 मध्ये गेल्या. सत्तावीस वर्षांचं वय, मागे नऊ वर्षांचा मुलगा.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बोलावणं आलं. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन कॉलेजला गणिताचा माणूस हवा होता. टिळकांच्या जागी गणित शिकवायचं, म्हणजे प्रेशर काय असेल विचार करा. सोसायटीच्या आजीव सभासदांना महिना 75 रुपये मिळत आणि वीस वर्षं सेवा करायचं वचन द्यावं लागे. मुंबईतली बरी कमाई सोडून अण्णा पुण्याला आले. ते काही फार रंगवून शिकवणारे प्रोफेसर नव्हते. सावकाश, समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगणारे होते. असे एक सर आम्हालाही एम-थ्रीला आहेत. लेक्चरला गर्दी कमी, पण परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांना त्यांच्याच नोट्स हव्या असतात.

(इथे एक गंमत सांगते. अण्णांच्या नात्यातला एक मुलगा शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहिला होता. तो 1899 मध्ये केंब्रिजला गणितात सीनिअर रँग्लर झाला. तेच रँग्लर परांजपे, पुढे फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल. सिनेमावाल्या सई परांजपे त्यांची नात.)

आता खरी गोष्ट सुरू होते. राधाबाई गेल्यावर पुन्हा लग्न करायचा विषय निघाला. तेव्हाची पद्धत सरळ होती : पुरुष तेहतीस वर्षांचा विधुर असो की पन्नास वर्षांचा, मुलगी दहा-बारा वर्षांचीच मिळायची. आणि नवरा मेला की तिचं केशवपन करून तिला घराच्या कोपऱ्यात बसवायचं. अण्णांनी ठरवलं, लग्न करीन तर विधवेशीच. त्यांचे मुंबईचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे शिकायला आलेली ही पहिली विधवा मुलगी. शारदा सदन पुढे पुण्यात आलं. 11 मार्च 1893 ला पुण्यात अण्णांचं आणि गोदूबाईंचं लग्न झालं. लग्नात नाव ठेवलं आनंदीबाई, पण सगळे त्यांना बाया म्हणायचे. बाया कर्वे.

मग मुरूडला जाऊन पोचल्यावर व्हायचं ते झालं. गावाने सभा भरवली, ठराव केला, वाळीत टाकलं. अण्णा ज्या सभेत असतील तिथे कोणी जायचं नाही, आणि भावाने त्यांना घरात घेतलं तर त्याच्यावरही बहिष्कार. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने हे केलं. आईला मुलाला जवळ घेऊन बसायची चोरी झाली. आई लक्ष्मीबाई, भाऊ भिकाजीपंत, बहीण अंबाताई, सगळ्यांची मधल्या मध्ये कुचंबणा. अण्णांनी गावाशी भांडण काढलं नाही आणि फंडही बंद केला नाही. मी असते तर केला असता, हे सरळ सांगते.

1893 च्याच डिसेंबरअखेर त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. पण गावोगाव फिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पुनर्विवाह करायला तयार होणारे फार थोडे. बाकीच्या हजारो मुलींचं काय? त्यांना लग्नापेक्षा आधी शिक्षण हवं, स्वतःच्या पायावर उभं राहणं हवं. म्हणून 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली आणि 1899 ला पुण्यात प्रत्यक्ष आश्रम सुरू झाला. अण्णांनी स्वतःच्या आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. पुण्यात प्लेग आला तसा 1900 मध्ये आश्रम हिंगण्याला हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथे सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले होते.

हिंगणे म्हणजे आत्ताचं कर्वेनगर. आज तिथे फ्लॅटचे भाव विचारायची सोय नाही. तेव्हा रान होतं. रस्ता नाही, दिवा नाही, मध्ये ओढा, पावसात चिखल. त्यात एक झोपडी बांधली आणि मोजक्या विधवा मुलींना घेऊन आश्रम सुरू झाला. हे पुण्यातल्या सुरुवातीच्या लेडीज होस्टेलांपैकी एकच म्हणायचं! मेस होती, वॉर्डन होत्या, नियम होते. फक्त रेक्टर रोज चालत यायचे. फर्ग्युसनचं कॉलेज सुटलं की अण्णा गावातून लागणारं सामान घ्यायचे, कधी डोक्यावर, कधी खांद्यावर, आणि चार मैल चालत हिंगण्याला. रात्री तिथे थांबून मुलींना शिकवायचं आणि सकाळी परत कॉलेजला. असं दोन वर्षं. मी एकदा रविवारी एफ.सी. रोडवरून कर्वेनगरपर्यंत चालून बघितलं. फुटपाथ, उसाचा रस, सगळं असूनसुद्धा दमले. आणि माझ्या डोक्यावर पीठ नव्हतं.

हे वाचताना मी अण्णांची पूर्ण फॅन झाले होते. मग बायांचं ‘माझे पुराण’ हातात आलं आणि थोडी थांबले.

अण्णा हिंगण्याला चालत जायचे तेव्हा बाया पुण्यात मुलांना घेऊन एकट्या राहत होत्या. मुलं तीन : शंकर, दिनकर, भास्कर, आणि वर रघुनाथ. घरात पैसा थोडा, आणि येईल तो आश्रमाकडे वळायचा. विम्याची पॉलिसी दिली म्हणजे उद्या अण्णांना काही झालं तर या चौघांनी खायचं काय? बायांना राग यायचा आणि त्यांनी तो लपवलेला नाही. बायांनी बाहेरची मुलं घरात ठेवून घेतली, खपल्या, संसार चालवला. आणि यापेक्षा मोठी गोष्ट अशी की, आश्रमात बायांना मोकळेपणाने वावरता येत नव्हतं. कारण काय, तर त्या पुनर्विवाह केलेल्या. त्या तिथे दिसल्या की लोक म्हणणार, बघा, शिकायच्या नावाखाली मुलींची लग्नं लावतात. आणि मग कोणी आपली विधवा मुलगी तिथे पाठवणार नाही. आश्रम टिकावा म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाचं काम आणि आश्रमाचं काम पूर्ण वेगळं ठेवलं होतं. त्यांचा हिशोब व्यवहाराने बरोबरही होता, कारण आश्रम त्यामुळेच टिकला. पण त्या हिशोबात वजा झाल्या त्या बाया. विधवांच्या घरात, एके काळी विधवा असलेल्या बाईला पंक्तीत जागा नाही! त्यांची सख्खी धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाचा मोठा आधार होती, पुढे आश्रमासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आली, आणि बाया बाहेर.

हे प्रकरण मी फोनवर मम्मीला वाचून दाखवलं. माझे पप्पा राजूरच्या भागातल्या एका आश्रमशाळेवर मास्तर आहेत. पावसाळ्यात पाड्यांवरची मुलं शाळेत आली नाहीत की ते स्वतः आणायला जातात, रविवार-सोमवार काही नाही. आजवर किती मुलांच्या चपला-वह्यांचे पैसे आमच्या घरातून गेले त्याचा हिशोब फक्त मम्मीला माहीत. पप्पांना तालुक्यात दोनदा शाल-श्रीफळ मिळालं. मम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्या बाईंचं पुस्तक येताना घेऊन ये. बस, एवढंच म्हणाली.

वसंत कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’ हे नाटक याच जोडप्यावर बेतलेलं आहे. आपल्या ड्रामा ग्रुपने फिरोदियाच्या पलीकडे कधी पाहिलं तर जरूर वाचावं.

असो. 1907 मध्ये मुलींसाठी महिला विद्यालय, 1908 मध्ये कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्म मठ, असं करत काम वाढत गेलं. 1914 मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून रिटायर झाले. छप्पन्न वर्षं वय. इथे कोणी थांबलं असतं तरी चरित्र लिहिण्याजोगं झालंच असतं. पण त्यांना जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारं एक छोटं पुस्तक पोस्टाने आलेलं होतं. त्यांनी चाळून बाजूला ठेवलं होतं. 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून भाषण तयार करायची वेळ आली तेव्हा ते पुस्तक पुन्हा हाती लागलं, आणि त्यातून कल्पना निघाली की आपल्याकडेही स्त्रियांचं स्वतंत्र विद्यापीठ हवं. जून 1916 मध्ये विद्यापीठ स्थापन. महिनाभराने पाठशाळा उघडली तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच! आपल्या एका प्रॅक्टिकल बॅचपेक्षाही कमी. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच एस.एन.डी.टी. ही फोड मला वीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हती. कर्वे रोडवरचा तो बसस्टॉप कित्येकदा मागे गेला.

या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून होतं, इंग्रजी हा एक विषय. यावर तेव्हा टीका झाली, की मुलींना हलक्या प्रतीचं शिक्षण देता. गांधीजींचं म्हणणं उलट्या बाजूने होतं : मातृभाषा ठीकच, पण इंग्रजी सक्तीचं कशाला? अण्णांनी त्यांचंही ऐकलं नाही, इंग्रजी ठेवलं. मला विचाराल तर मी अजून ठरवू शकलेले नाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं म्हणून कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनमध्ये मी बोलू शकते, आणि आमच्या बॅचची राजूर-अकोल्याकडची हुशार मुलं पहिलं वर्षभर लेक्चरला गप्प बसून राहतात. त्यांना थर्मोडायनॅमिक्स येत नाही असं नाही, ‘सर, डाउट आहे’ एवढं इंग्रजीत म्हणता येत नाही. पण मग आज हा लेख लिहिताना माझी जी दमछाक होते आहे, तिचं काय करायचं? अण्णांनी निदान दोन्ही हातांत धरायचा प्रयत्न तरी केला होता.

आता त्यांचा जगप्रवास. मार्च 1929 मध्ये अण्णा बोटीने युरोपला निघाले. वय किती? एकाहत्तरावं लागत होतं. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला गेले, लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये भारतातल्या स्त्रीशिक्षणावर बोलले. जुलैच्या शेवटी जिनिव्हाला शिक्षण परिषद, तिथे आपल्या विद्यापीठाच्या प्रयोगावर भाषण. ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला नव्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय बैठक. तिथून अमेरिका, गावोगाव व्याख्यानं. आणि परतीच्या वाटेवर टोकियो, जिथे त्यांनी ते महिला विद्यापीठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ज्याचं पुस्तक पंधरा-एक वर्षांपूर्वी पोस्टाने आलं होतं. एप्रिल 1930 ला परत. जगाला एक पूर्ण फेरी मारून झाली होती! मुरूडच्या ज्या मुलाला साताऱ्यात परीक्षेला बसू दिलं नाही त्याने हे केलं.

घरी येऊन आठ महिने होतात न होतात तोच डिसेंबर 1930 मध्ये परत निघाले, आफ्रिकेला. पंधरा महिने. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका. तिथल्या हिंदी लोकांमध्ये फिरून विद्यापीठाचं काम सांगायचं, मदत मागायची. मुलगा शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेतच स्थायिक झाला होता, तो धागाही होता. आपल्याकडे परदेश म्हटलं की जी.आर.ई., टोफेल आणि आय-ट्वेंटी. अण्णा मागायला गेले होते आणि जे मिळालं ते घेऊन परत आले.

याच काळातली एक गोष्ट मला चक्रावून टाकते. मधला मुलगा दिनकर, फर्ग्युसनमध्ये केमिस्ट्रीचे प्रोफेसर, पुढे प्रिन्सिपॉल. त्यांच्या पत्नी इरावती. 1928 मध्ये त्या पीएच.डी.साठी बर्लिनला निघाल्या, तर त्याला अण्णांचा विरोध होता! ज्यांनी बायकांचं विद्यापीठ काढलं त्यांचा, स्वतःच्या सुनेच्या शिक्षणाला! दिनकररावांनी वडिलांचं ऐकलं नाही, कर्ज काढलं आणि बायकोला पाठवलं. इरावतीबाई 1930 मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या, देशातल्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ झाल्या, आणि ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मला वाटतं, मोठी माणसं स्वतःच्या काळाच्या पुढे असतात म्हणजे प्रत्येक दिवशी आणि घरातल्या प्रत्येक खोलीत असतातच असं नाही.

थोरला रघुनाथ त्याहून पुढे गेला. 1899 च्या मॅट्रिकला पहिला आलेला, वडिलांसारखाच गणिताचा प्रोफेसर. हेच र. धों. कर्वे. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. ज्या विषयावर आजही आपल्या होस्टेलमध्ये दार लावून बोलतात त्यावर ते छापून लिहायचे. कॉलेजची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात 1934 मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी अण्णांना जितकं शेवटी डोक्यावर घेतलं, तितकं रघुनाथरावांना कधी घेतलं नाही. राधाबाईंचा तो मुलगा. आई बाळंतपणात गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे त्याने आयुष्य कशावर खर्च केलं हे पाहिलं की दोन गोष्टी आपोआप शेजारी येऊन बसतात.

बाकी घर बघितलं तर धाकटा भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई हिंगण्याच्या संस्थेतच आयुष्यभर राबले. बायांचं ‘माझे पुराण’ शब्दांत उतरवून पूर्ण करायला कावेरीबाईंचाच हात लागला. सुनेने सासूचं पुस्तक करणं, आणि तेही सासऱ्यांबद्दलच्या तक्रारींसकट, हे मला फार आवडलं.

1936 मध्ये, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढायच्या. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधून महिन्याला पंधरा रुपये द्यायचे आणि बाकीसाठी दारोदार फिरायचे, थोडे थोडे पैसे मागत. जग फिरून आलेला माणूस, विद्यापीठाचा संस्थापक, पुण्याच्या गल्लीत जिने चढून पैसे मागतो आहे. मंडळाच्या अशा चाळीसेक शाळा झाल्या आणि नंतर त्या सरकारी व्यवस्थेत गेल्या. पप्पांच्या कपाटातल्या पुस्तकात फक्त याच पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. जगप्रवासाच्या पानांवर एकही नाही.

1944 मध्ये शहाऐंशी वर्षांचे असताना जातिभेद मोडायला समता संघ काढला, ‘मानवी समता’ मासिक सुरू केलं. 29 नोव्हेंबर 1950 ला बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. 1953 च्या ऑक्टोबरमध्ये रघुनाथरावही गेले. अण्णा पंच्याण्णव वर्षांचे होते. इतकं लांब आयुष्य म्हटलं की आपण केकवरच्या मेणबत्त्या मोजतो. पण त्याचा अर्थ असाही असतो, की सोबत निघालेली सगळी माणसं एकेक करून आधी जातात.

मान-सन्मानांचं थोडक्यात सांगते, कारण ते विकिपीडियावरही मिळेल. 1942 ला बनारस हिंदू विद्यापीठाची डी.लिट., 1951 ला पुणे विद्यापीठाची. 1955 ला पद्मविभूषण. 1957 ला मुंबई विद्यापीठाची एलएल.डी. आणि 1958 ला, शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी, भारतरत्न. त्याच वर्षी पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर हयात असताना आलेला हा पहिला माणूस. हिंगण्याच्या संस्थेचं नाव आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आहे आणि 1991 मध्ये त्या संस्थेने त्याच परिसरात खास मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. टेक-फेस्टला आपल्या टीमला दर वर्षी तिथल्या मुली हरवून जातात, ते तुम्हाला माहीतच आहे.

9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात अण्णा वारले. एकशे चार वर्षं, सहा महिने आणि काही दिवस. ‘माझे पुराण’ मी मम्मीला नेऊन दिलं. पप्पांचं पुस्तक मात्र अजून माझ्याच रूमवर आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. ज्यांना हवं असेल त्यांनी घेऊन जा, पण सबमिशनच्या आत परत करा.